आकाशांतील नाडीपरीक्षा

रोग्याच्या उशाशीं बसलेला वैद्य आणि दूरगांवीं राहून पत्रानें रोग्याची हकीकत ऐकणारा वैद्य, या दोघांच्या कामांत मोठें अंतर असतें. पहिल्याच्या हातीं प्रत्यक्ष नाडी असते. दुसऱ्यास केवळ शब्द मिळतात, आणि तेही उशिरां. नवें विमान प्रथम आकाशांत चढतें, तेव्हां त्याला घडविणारे विद्वान् जमिनीवरच राहिलेले असतात. त्यांची अवस्था त्या दूरच्या वैद्यासारखी होऊं नये, विमानाची नाडी त्यांच्या हातीं त्याच क्षणीं लागावी, एवढ्यासाठीं जी विद्या निर्माण झाली तिला टेलिमेट्री म्हणतात. आपण तिला दूरमापन म्हणूं. या महिन्याच्या सदरांत तिचा थोडा परिचय करून द्यावा असें योजिलें आहे.

गृहस्थाश्रमी वाचकांस या विषयाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. परंतु सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील आमच्या तामलवाडीसारख्या गांवांतूनही आतां मुलेंमुली अभियांत्रिकी शिकण्यासाठीं सोलापुरास व पुण्यास जातात. त्यांपैकीं कोणी उद्यां बंगळूरास, किंवा नाशिकजवळील ओझरच्या विमान-कारखान्यांत कामास लागेल. तीं सुटींत घरीं आलीं असतां आजोबांनीं किंवा काकूंनीं ‘तेथें तूं करतोस तरी काय?’ असें विचारल्यास, त्यांचें उत्तर समजण्याइतकी या विद्येची तोंडओळख घरांत असावी. शिवाय या कामांत केवळ यंत्रांचा प्रश्न नसून माणसांच्या प्राणांचा प्रश्न असतो, हेंही घरच्या मंडळींस ठाऊक असलेलें बरें.

विमान-रचनेच्या शास्त्रांत महाराष्ट्राचा भाग जुना आहे. कोल्हापूर भागांत १९०८ सालीं जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं जर्मनींतील गॉटिंगन येथें प्राण्टल या थोर आचार्यांच्या हाताखालीं अध्ययन केलें, आणि पुढें बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत एचटी-२ या शिकाऊ विमानाची रचना केली. तें विमान १९५१ च्या ऑगस्टांत प्रथम उडालें. त्या काळीं जगांत सर्वत्र चांचणीची रीत बहुधा अशी असे: वैमानिक मांडीवर लहानशी फळी बांधी, तिच्यावर कागद लावी, आणि एका हातानें विमान सांभाळून दुसऱ्या हातानें वेग, उंची, उष्णता यांचे आंकडे टिपून घेई. मोठ्या विमानांत मापकांची एक स्वतंत्र फळी बसवीत व तिची छायाचित्रें कॅमेऱ्यानें वरचेवर घेत. विमान उतरल्यावर तीं छायाचित्रें धुवून, कांटे वाचून, आलेख काढावयाचे; म्हणजे निदान होण्यास दिवसच्या दिवस जात. आणि विमान परतच आलें नाहीं तर? मग कागद, फिल्म आणि वैमानिक हीं तिन्ही एकदमच नाहींशीं होत. विमान कां पडलें हें सांगावयास कोणीच उरत नसे.

ही भीति काल्पनिक नव्हे. १७ जून १९६१ रोजीं ‘मारुत’ या भारतीय लढाऊ विमानाचें पहिलें उड्डाण करणारे निष्णात वैमानिक सुरंजन दास हे त्याच विमानाच्या सुधारलेल्या नमुन्याची चांचणी करीत असतां १० जानेवारी १९७० रोजीं अपघातांत मृत्यु पावले. चांचणी-वैमानिकाचा धंदा असा आहे कीं, ज्या गोष्टीची खात्री अद्याप कोणासच नसते ती त्याला स्वतः करून पाहावी लागते.

आतां दूरमापनाची घडण पाहूं. विमानाच्या अंगोपांगीं प्रथम संवेदक बसवितात. पंखाच्या मुळाशीं पडणारा ताण, एंजिनाची उष्णता, इंधनाचा प्रवाह, सुकाणूचा कोन, शेपटीचा कंप, वैमानिकानें दांड्यावर लावलेला जोर, अशा शेंकडों किंबहुना हजारों गोष्टी ते मोजतात. प्रत्येक संवेदक आपलें माप विजेच्या लहानमोठ्या दाबानें सांगतो. परंतु हजार संवेदकांस हजार तारा लावून त्या आकाशांतून जमिनीपर्यंत कशा आणाव्या? एकच रेडिओलहर असते. तिच्यावरून सर्वांचें बोलणें आलें पाहिजे.

येथें शाळेंतील हजेरीचें उदाहरण मला फार सोयीचें वाटतें. मास्तर हजेरी घेतात तेव्हां सर्व मुलें एकदम ओरडत नाहींत. नांवांचा क्रम ठरलेला असतो. दाराबाहेर उभा राहून ऐकणाऱ्यास तो क्रम पाठ असेल, तर पंधरावा ‘हजर’ कोणाचा हें त्याला न पाहतांही कळतें. विमानांतील यंत्र हेंच करतें. तें प्रत्येक संवेदकास ठरल्या क्रमानें विचारतें, मिळालेलें उत्तर पुढें पाठवितें, आणि एक फेरी संपली कीं दुसरी सुरू करतें. जमिनीवरील यंत्रास तोच क्रम दिलेला असतो. म्हणून कितवा आंकडा कोणाचा हें त्याला ओळखतां येतें. मात्र फेरी कोठें सुरू झाली हें कळणें अवश्य. त्यासाठीं प्रत्येक फेरीस एक ठराविक खूण जोडितात, जशी हजेरीपूर्वीं घंटा. ती खूण अपेक्षित जागीं सांपडली नाहीं तर त्या फेरीवर विश्वास ठेवावयाचा नाहीं. कारण क्रम एका जागेनें सरकला तर इंधनाचा आंकडा उष्णतेच्या नांवावर पडेल, आणि असें खोटें ज्ञान अज्ञानाहून अधिक घातक ठरेल.

तो आंकडा पाठवावयाचा कसा? संस्कृतज्ञ वाचकांस येथें आपल्या घरचीच वस्तु भेटेल. पिंगलाचार्यांच्या छन्दःशास्त्रांत लघु आणि गुरु या दोनच मात्राभेदांनीं किती प्रकार होतात हें प्रस्तारानें दाखविलें आहे. आठ अक्षरांच्या अनुष्टुभ् चरणाचे २५६ प्रकार होतात, आणि बारा अक्षरांच्या जगती चरणाचे ४०९६. विमानांतील यंत्रही प्रत्येक माप दोनच चिन्हांच्या अशा एका चरणांत बसवितें. शून्यापासून १००० अंशांपर्यंतची उष्णता आठ चिन्हांत सांगितली, तर एका पायरीचें अंतर सुमारें चार अंशांचें पडतें. बारा चिन्हांत सांगितली तर सुमारें पाव अंशाचें. चरण लांब केला तर सूक्ष्मता वाढते, परंतु लहरीवरील भारही त्याच मानानें वाढतो. समजा, एक हजार मापें, प्रत्येक सेकंदास सरासरी पन्नास वेळां, बारा चिन्हांत पाठवावयाचीं. तर दर सेकंदास सहा लक्ष चिन्हें जावयास हवींत. अर्ध्या तासाच्या उड्डाणांत हीं १०८ कोटी झालीं. या भारांत कोणतें माप ठेवावें, कोणतें गाळावें, कोणाला किती अक्षरें द्यावीं, हा हिशेब बसविणें हेंच रचनाकाराचें पहिलें काम.

दुसरा प्रश्न, विचारावें किती वेळां? विषमज्वराच्या रोग्याचा ताप दिवसांतून एकदांच, सकाळीं, मोजला तर संध्याकाळची चढण तक्त्यावर कधींच उमटणार नाहीं. तक्ता पाहून रोगी बरा आहे असेंच वाटेल. शास्त्राचा नियम असा कीं, जी वस्तु सेकंदास दहा वेळां कंप पावते तिचें माप निदान वीस वेळांहून अधिक घेतलें पाहिजे. नायक्विस्ट व शॅनन या पंडितांच्या नांवानें हा नियम प्रसिद्ध आहे. व्यवहारांत पांचपट किंवा त्याहूनही अधिक वेळां माप घेतात. कमी वेळां घेतलें तर केवळ माहिती हुकते असें नाहीं. वेगवान् कंप मंद कंपाचें सोंग घेऊन कागदावर उतरतो आणि पाहणारा फसतो. इंधनाचा सांठा मात्र सेकंदांतून एकदां विचारला तरी पुरे. म्हणून हजेरींत कांहीं मुलांचें नांव एकाच फेरींत अनेकदां येतें, तर कांहींचें अनेक फेऱ्यांनंतर एकदां.

मापें निघालीं, आतां तीं पोंचलीं पाहिजेत. यासाठीं वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरींपैकीं एक पट्टा २२०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. या लहरी बहुतेक दृष्टीप्रमाणेंच सरळ रेषेंत जातात. विमान दहा हजार मीटर उंच असेल तर सुमारें ४०० किलोमीटरपर्यंत त्याचें बोलणें ऐकूं येऊं शकतें; तेंच शंभर मीटरवर आलें कीं चाळीस किलोमीटरच्या पलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. विमान कुशीवर वळलें म्हणजे त्याचाच पंख आड येतो. म्हणून पाठीवर एक व पोटाखालीं एक असे दोन आकाशक बसवितात. इतकें करूनही वाटेंत कांहीं चिन्हें बिघडतात. वेदपाठी ब्राह्मणांनीं जटा, घन इत्यादि विकृतींत तींच पदें उलटसुलट क्रमानें पुनः पुनः म्हटलीं, त्यामुळें एका पाठांत झालेली चूक दुसऱ्यांत पकडली जाई. नव्या दूरमापनांतही याच तत्त्वावर कांहीं जादा चिन्हें जोडून पाठवितात. त्यांच्या आधारें बिघडलेलें चिन्ह ओळखतां येतें व पुष्कळदां दुरुस्तही करतां येतें. शिवाय तींच मापें विमानांतही साठवून ठेवितात; लहर तुटली तरी मागाहून अभ्यास करावयास तीं उपयोगीं पडतात.

जमिनीवर आल्यावर या चिन्हांचें पुन्हां अंश, किलो व मीटर यांत रूपांतर करावें लागतें. दुकानदाराचा तराजू रिकामा असतां सम आहे कीं नाहीं हें आपण आधीं पाहतों. त्याचप्रमाणें उड्डाणापूर्वीं पंखावर ज्ञात वजनें चढवून संवेदक काय सांगतो तें लिहून ठेवितात, आणि त्या तक्त्यावरून पुढील प्रत्येक आंकड्याचा अर्थ लावितात. मग तें माप पडद्यावर येतें. एका पडद्यासमोर एंजिनाचा जाणकार, दुसऱ्यासमोर पंखाच्या कंपाचा, तिसऱ्यासमोर सुकाणूंचा, अशी मंडळी बसलेली असते. हें सर्व किती त्वरेनें व्हावें? ताशीं ९०० किलोमीटर वेगानें जाणारें विमान एका सेकंदांत २५० मीटर पुढें जातें. पडद्यावरचें चित्र दोन सेकंद शिळें असेल, तर पाहणारा अर्धा किलोमीटर मागचें विमान पाहत असतो. पंखाचा कंप एकदां अनावर झाला कीं तो कांहीं सेकंदांतच पंख मोडूं शकतो. तेथें हा विलंब परवडणारा नाहीं.

एक बारीक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लहर मध्येंच तुटली तर पडद्यानें काय दाखवावें? शेवटचा आंकडा तसाच ठेवला, तर पाहणाऱ्यास वाटेल कीं सर्व कांहीं स्थिर आहे. आणि नेमक्या त्याच वेळीं विमान संकटांत असेल. म्हणून माप येणें थांबलें कीं आंकड्याचा रंग पालटला पाहिजे, किंवा तो खोडलेला दिसला पाहिजे. ‘मला ठाऊक नाहीं’ हें यंत्रानें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यांस आम्ही हेंच शिकवीत आलों. यंत्रासही तें शिकवावें लागतें.

तथापि हें सारें निर्दोष झालें म्हणजे कार्य संपलें असें नव्हे. ‘सरस’ या विमानाची हकीकत यासाठीं लक्षांत ठेवावी. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनें रचलेलें हें दोन एंजिनांचें लहान प्रवासी विमान २९ मे २००४ रोजीं प्रथम उडालें. त्याच्या दुसऱ्या नमुन्याची चांचणी ६ मार्च २००९ रोजीं चालू होती. एक एंजिन आकाशांत मुद्दाम बंद करून पुन्हां पेटवावयाचें, अशी ती कसोटी होती. तींत विमान बिडदीजवळ कोसळलें, आणि विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शाह व स्क्वाड्रन लीडर इळयाराजा हे तिघे वीर प्राणांस मुकले. चौकशीच्या अहवालानें मुख्य कारण असें दिलें कीं, एंजिन पुन्हां पेटविण्याची पद्धति रचनाकारांनींच चुकीची आंखली होती आणि ती अपुऱ्या उंचीवर अंमलांत आणली गेली. त्यास हातभार लावणाऱ्या कारणांत आणखी एक नमूद आहे: पेटविण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर, जमिनीवरील चांचणी-संचालकाच्या विचारानें उड्डाण तेथेंच आवरतें घेतलें गेलें नाहीं.

वाचकहो, या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबावें. जमिनीवर संचालक होते, आकाशांत अनुभवी वैमानिक होते. उणीव राहिली ती ‘थांबा’ या शब्दाची. मृतांस दोष देण्याचा येथें लवलेशही हेतु नाहीं. तसें करणें अधर्म होईल. हातीं घेतलेलें काम तडीस न्यावें, आणखी एकदां करून पाहावें, ही प्रत्येक कर्त्या माणसाची स्वाभाविक ओढ असते. म्हणूनच निर्णय त्या क्षणावर सोंपवूं नये. अमुक उंचीच्या खालीं गेल्यास, अमुक प्रयत्न फसल्यास, अमुक ताण ओलांडल्यास चांचणी समाप्त, हें आदल्या दिवशीं शांत चित्तानें ठरवून कागदावर लिहिलेलें असावें. ती मर्यादा यंत्रांत भरलेली असावी. ती ओलांडतांच पडदा लाल व्हावा. वैमानिकाशीं बोलणारा एकच आवाज असावा, म्हणजे दहा जणांच्या गलबल्यांत खरा इशारा बुडणार नाहीं. इशारेही मोजकेच असावेत. घडोघडीं वाजणाऱ्या घंटेकडे कोणी लक्ष देत नाहीं. आणि तो एक आवाज ‘थांबा’ म्हणाला, तर कां, कसें, हें मागाहून विचारावें, आधीं थांबावें. माझ्या मतें दूरमापनाच्या यंत्रणेचें सार यांतच आहे. लक्षावधि चिन्हांचा हा सारा खटाटोप त्या एका शब्दासाठीं आहे. तो शब्द वेळेवर उच्चारला गेला नाहीं तर बाकी सर्व पसारा केवळ मागाहून चौकशी करण्याच्या उपयोगाचा उरतो.

याची दुसरी बाजूही पाहावी. ‘तेजस’ हें लढाऊ विमान मुळांतच असें रचलेलें आहे कीं, संगणकाच्या साहाय्यावांचून तें स्थिर राहत नाहीं. तें ४ जानेवारी २००१ रोजीं विंग कमांडर राजीव कोठियाल यांनीं बंगळूर येथें प्रथम उडविलें, तें सुमारें अठरा मिनिटें आकाशांत होतें. ध्वनीचा वेग त्यानें ओलांडला तो १ ऑगस्ट २००३ रोजीं, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळानंतर. मधल्या काळांत वेग व उंची पायरीपायरीनें वाढविली गेली. अशा कामाची रीत ही कीं, एका पायरीचीं मापें जमिनीवरील जाणकारांनीं पाहावीं, त्यांचें समाधान व्हावें, मगच ‘पुढें’ असा शब्द वैमानिकास मिळावा. २०१९ सालीं अंतिम मान्यता मिळेपर्यंत विकासाच्या चांचण्यांत एकही तेजस गमावलें नाहीं. पुढें सेवेंत असतां २०२४ सालीं जैसलमेरजवळ, व २०२५ सालीं दुबई येथील प्रदर्शनांत, तेजस विमानांस अपघात झाले हें खरें. परंतु अपरिचित विमानाच्या पहिल्या अठरा वर्षांच्या कसोटींत एकही हानि न होणें ही सामान्य गोष्ट नव्हे. धीरानें घेतलेल्या पायऱ्यांचें तें फळ आहे.

हें काम आतां महाराष्ट्राच्या अंगणांत आलें आहे. मिग-२१ विमानांसाठीं १९६४ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या कारखान्यांतूनच ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाशीं बांधलेलें सुखोई विमान २५ जून २०१६ रोजीं प्रथम उडालें. सुमारें अडीच टनांचें तें ओझें घेऊन विमानाचा कंप व तोल कसा राहतो, हें मोजल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेथेंच घडविलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नें आकाशांत झेप घेतली.

तेव्हां ज्या घरांतील तरुणांस या कामाची आवड आहे त्यांनीं गणित, सांख्यिकी, विद्युत्शास्त्र व संगणकविद्या यांचा पाया पक्का करावा. त्याचबरोबर दोन गुण अंगीं बाणवावेत. पहिला, जें माप आलें तेंच सांगणें. आपल्या मनाजोगें नाहीं म्हणून तें न झांकणें. दुसरा, वडील अधिकारी समोर असतांही योग्य वेळीं ‘थांबा’ म्हणण्याचें धैर्य. हा दुसरा गुण महाविद्यालयांत शिकवीत नाहींत. तो घरींच शिकावा लागतो. ज्या घरांत धाकट्या सुनेनें ‘दुधास वास येतो आहे’ असें म्हटलें असतां सासूबाई तिला दटावण्याऐवजीं स्वतः भांडें हुंगून पाहतात, त्या घरांतील मुलगा मोठेपणीं संचालकास खरें सांगण्यास कचरणार नाहीं. धाकट्यांनीं आदरानें व स्पष्ट बोलावें आणि वडिलांनीं तें ऐकून घ्यावें, एवढा परिपाठ घरोघरीं असला, तर कोणा अपरिचित वैमानिकाच्या घरचीं माणसें संध्याकाळीं निश्चिंतपणें त्याची वाट पाहूं शकतील.